पैशाला पाय होते तेव्हा

पैशाला पाय फुटतात, असे आपण दर महिन्याच्या वीस तारखेला म्हणतो आणि एक तारखेला विसरतो. पण चीनमध्ये एके काळी पैशाला खरोखरच पाय होते. चांगले दोन. वर डोके, डोक्याखाली खांदे, आणि खाली फाकलेले दोन पाय. हे माझ्या पदरचे नाही. तिथले नाणेतज्ज्ञ वर्णन करतानासुद्धा 'चौकोनी पायांचे', 'टोकदार पायांचे', 'गोल पायांचे', 'उतरत्या खांद्यांचे' असेच करतात. एखाद्या वधुवरसूचक मंडळात बसल्यासारखे वाटते.

मी बी.कॉम. आहे. त्यामुळे पैसा म्हणजे काय हे मला पहिल्या वर्षीच शिकवले होते. पुस्तकात एक मनुष्य गाय घेऊन चपला शोधत फिरत असे, त्याला चपलावाला भेटे पण चपलावाल्याला गाय नको असे, आणि या दोघांची गैरसोय दूर व्हावी म्हणून पैसा जन्माला येई. चिनी शेतकऱ्याने मात्र आपली सोय वेगळ्या रीतीने करून घेतली. त्याच्या हातात फावडे होते. फावड्याची सगळ्यांनाच गरज. म्हणून फावडे द्यायचे आणि धान्य घ्यायचे, असा व्यवहार सुरू झाला असावा. पुढे खरे फावडे वाहून नेण्यापेक्षा फावड्याची लहान, पातळ नक्कल ओतून तीच हातोहात फिरू लागली. अवजाराचा पैसा झाला. गंमत अशी की माणूस जुन्या सवयी सहजी सोडत नाही. फावड्याने माती खणायची नाही हे ठरले, तरी दांडा बसवायची पोकळ नळी त्याने शेकडो वर्षे तशीच ठेवली. त्या नळीत कुणी दांडा घालणार नव्हते. आमच्या बँकेत संगणक येऊन जमाना झाला, तरी एक लाल शाईची दौत अजून स्टॉकबुकात पुढे ओढली जाते, तशातलाच प्रकार.

या पोकळ दांड्याच्या नाण्यांचा कारखानाच अलीकडे सापडला. हनान प्रांतात शिंगयांगजवळ ग्वानच्वांग म्हणून गाव आहे. तिथल्या उत्खननाचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. मातीचे साचे, नळी पोकळ राहावी म्हणून आत घालायचे मातीचे गाभे, आणि नाणीही मिळाली. काळ ठरला इसवी सनापूर्वी सुमारे ६४० ते ५५०. खात्रीने काळ सांगता येईल अशी याहून जुनी टांकसाळ जगात दुसरी ठाऊक नाही, असे संशोधकांचे म्हणणे. तिथले नाणे साधारण चौदा सेंटिमीटर लांब, सहा-सव्वासहा रुंद, आणि जाडी एका मिलिमीटरपेक्षाही कमी! वजन सत्तावीस ग्रॅमच्या आत. या फावड्याने शेत सोडा, आमच्या गॅलरीतली तुळशीची कुंडीसुद्धा उकरता यायची नाही. म्हणजे ते पहिल्यापासून पैसाच होते.

या नाण्याला चिनी भाषेत 'बू' म्हणतात, आणि 'बू' म्हणजे कापड. फावड्याला कापड का म्हणावे? पंडित सांगतात की एका शेतीच्या अवजाराचे नाव त्या उच्चाराच्या जवळचे होते, म्हणून कापडाचे अक्षर उसने घेतले. नाण्याकडे पाहिल्यावर मला मात्र ते दोरीवर वाळत घातलेल्या हाफपँटीसारखे दिसते.

पुढे नळी गेली, डोके सपाट झाले, आकार लहान झाला. हा युद्धमान राज्यांचा काळ. एकेका गावाने आपले नाव नाण्यावर घातले: आनयी, आनयांग, पिंगयांग. वेई राज्याच्या नाण्यांचे पाय कमानीसारखे, चाओ राज्याचे टोकदार. सगळा धातूचा व्यवहार, पण ब्रँच कोड ठळक. नंतर इ.स.पू. २२१ मध्ये छिनच्या सम्राटाने सगळी राज्ये गिळली, आणि मध्ये चौकोनी भोक असलेले गोल नाणे सगळीकडे चालू झाले. पायवाला पैसा संपला. इतका संपला, की हजाराहून कितीतरी अधिक वर्षांनी सोंग काळातल्या विद्वानांच्या हातात ती नाणी आली तेव्हा त्यांवरची जुनी अक्षरे त्यांना धड लागेनात. मग त्यांनी काय करावे? ती सरळ पुराणातल्या सम्राटांच्या नावे जमा केली! हे पीत सम्राटाचे, हे याओचे, हे शुनचे. गावांची नावे होती ती देवादिकांच्या खात्यात गेली. आमच्याकडे नाव न लागणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. ती निदान ऑडिटर येईपर्यंत निमूट पडून राहते. ही चुकीची नोंद पुसायला मात्र काही शतके लागली.

पण मला ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो गृहस्थ यानंतरचा. त्याचे नाव वांग मांग. हान घराण्याचे सिंहासन बळकावून त्याने इ.स. ९ मध्ये 'शिन' म्हणजे 'नवे' नावाचे आपले राजघराणे काढले. घराणे नवे आणि हौस मात्र सगळी जुन्याची. प्राचीन काळी जे होते ते उत्तम, असे त्याचे ठाम मत. म्हणून दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेली फावडी त्याने उकरून काढली.

इ.स. ७ मध्ये, राज्य घ्यायच्या आधीच, त्याने एकदा पैसा बदलला. ९ मध्ये पुन्हा बदलला. १० मध्ये पुन्हा. १४ मध्ये आणखी एकदा. २०१६ च्या नोव्हेंबरात मी काउंटरच्या आतल्या बाजूने एक रांग पाहिलेली आहे. त्यामुळे सात वर्षांत चार वेळा हे ज्या कारकुनांना झेलावे लागले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात जी भावना आहे तिला सहानुभूती हा शब्द पुरत नाही.

इ.स. १० ची योजना ऐका. सोन्याचा एक प्रकार, चांदीचे दोन, कासवाच्या पाठीचे चार, कवड्यांचे पाच, फावड्यांचे दहा आणि गोल नाण्यांचे सहा. एकूण अठ्ठावीस. संध्याकाळी कॅश टॅली करायला बसलेल्या कॅशिअरचे चित्र डोळ्यांसमोर आणा. सोने बरोबर, चांदी बरोबर, कवड्या बरोबर, आणि फरक किती, तर एक कासव!

त्या दहा फावड्यांचा हिशेब मी एका रविवारी कागदावर मांडून पाहिला. सगळ्यांत लहान फावडे शंभर किमतीचे, वजन १५ चू. चू हे त्यांचे बारीक वजन, दोन तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. पुढच्या प्रत्येक फावड्याचे वजन एका चूने वाढणार आणि किंमत शंभराने. म्हणजे सगळ्यांत मोठे फावडे २४ चूचे, किंमत एक हजार. आता पाहा. पहिल्या शंभराला १५ चू धातू लागतो, आणि त्यानंतरच्या नऊशेंना सगळा मिळून फक्त नऊ! शिवाय एक किमतीचे लहान गोल नाणे होते, ते एक चूचे. अशी चोवीस नाणी घ्या, वितळवा, एक मोठे फावडे ओता. चोवीसचे हजार झाले. एवढे व्याज कुठलीही पतपेढी देत नाही, बुडायच्या आदल्या दिवशीसुद्धा.

साहजिकच घरोघरी भट्ट्या लागल्या. त्या लागणार हे वांग मांगला ठाऊक असावे, कारण त्याने आधीच तांबे आणि कोळसा जवळ बाळगायला बंदी केली होती. कोळसा! म्हणजे प्रामाणिक माणसाने चहा... चहा नव्हे, तेव्हा काय पीत असतील ते, पण ते तापवायचे तरी कशावर? पुढे एका घराने नाणी पाडली तर शेजारपाजारची मिळून पाच घरे दोषी, असा कायदा झाला. शिक्षा गुलामगिरीची. 'हान शू' या इतिहासग्रंथात बान गूने लिहून ठेवले आहे, की पुरुषांना पिंजऱ्याच्या गाड्यांतून आणि बायकापोरांना गळ्यात लोखंडी साखळ्या घालून पायी राजधानीच्या टांकसाळीकडे नेत. संख्या लाखांनी मोजावी अशी, आणि त्यांतले दहातले सहा-सात मेले. शेतकरी-व्यापारी बुडाले, लोक बाजारात रस्त्यावर उभे राहून रडत, असेही तो लिहितो. इथे मला विनोद सुचत नाही.

फावडी लोकांनी वापरावीत म्हणून आणखी एक युक्ती निघाली. प्रवासाला निघाल्यावर परवान्याबरोबर फावडे दाखवायचे. नसेल तर सरकारी धर्मशाळेत जागा नाही आणि नाक्यावर अडवणूक. तरी लोक गुपचूप जुन्याच नाण्यांत व्यवहार करीत राहिले. वाईट पैसा चांगल्या पैशाला हाकलतो हा ग्रेशॅमसाहेबांचा नियम आम्ही परीक्षेत दहा मार्कांना लिहिला होता. चिनी खेडुताने तो वाचलेला नसल्यामुळे चांगलाच पैसा हातात धरून ठेवला.

इ.स. १४ मध्ये वांग मांग जरा नरमला. एक गोल नाणे, 'हुओ च्वान', पाच चूचे. आणि एकच फावडे, 'हुओ बू', पंचवीस चूचे. फावड्याची किंमत पंचवीस गोल नाणी. पुन्हा गणित करा: पाच गोल नाणी वितळवून एक फावडे, आणि त्याचे मोल पंचवीस. नफा पाचपट. चाळीसपटीवरून पाचपटीवर आला, ही त्यातल्या त्यात सुधारणा म्हणायची.

याच माणसाने चाकूच्या आकाराची नाणी का बंद केली, तर हान सम्राटांचे आडनाव 'लिऊ' आणि त्या अक्षरात 'सोने' आणि 'चाकू' लपलेले. शत्रूचे नाव खिशात नको! पण नव्या 'हुओ च्वान'ची अक्षरे फोडून लोकांनी 'श्वेतजलाचा सत्पुरुष' असे वाचले, आणि इ.स. २५ मध्ये श्वेतजल नावाच्या गावाकडचाच एक लिऊ सम्राट झाला. वांग मांग त्याआधीच, इ.स. २३ मध्ये, राजवाड्यात मारला गेला होता. मारणारा व्यापारी होता. मला आश्चर्य वाटले नाही.

हे सगळे मी का वाचत बसलो, ते सांगायला हवे. आमच्या खालच्या मजल्यावर नाना राहतात. निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. एका रविवारी ते खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी घेऊन वर आले. आत कापसात हुओ बू. त्यांचे थोरले भाऊ, दादा, जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. १९८४ साली दादांनी मुंबईत जागा घेताना नानांकडून तीन हजार रुपये घेतले, आणि "हे तारण ठेव, दोन हजार वर्षांचं आहे," म्हणून ही डबी दिली. पैसे परत आले नाहीत, डबी परत गेली नाही. दादा वारले त्याला पंधरा वर्षे झाली. आता दादांच्या नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीची ओढाताण चालली होती. नानांच्या मनात होते, की ही वस्तू विकावी आणि पैसे पोरीला द्यावे.

"तू नकली नोटा ओळखतोस ना? मग हे बघ," नाना म्हणाले.

नकली नोट मी बोटांनी ओळखतो हे खरे. डोळे नंतर. पण नोटेच्या बाबतीत नियम पक्का आहे: नकली निघाली की शिक्का मारायचा, पावती द्यायची, नोट परत द्यायची नाही. तो शिक्का मारताना समोरच्या माणसाचा चेहरा पाहू नये, हे मी बावीस वर्षांत शिकलो आहे. वांग मांगच्या नाण्यावर रिझर्व्ह बँकेचा अंमल चालत नाही, एवढाच दिलासा होता.

हुओ बू तपासायला सोपे, कारण बान गूने त्याचे माप शिंप्यासारखे लिहून ठेवले आहे. लांबी अडीच त्सुन, रुंदी एक त्सुन, डोके आठ फनांहून किंचित जास्त, भोक अडीच फन, पाय आठ फन, दोन पायांतले अंतर दोन फन. उजवीकडे 'हुओ', डावीकडे 'बू'. त्या काळचा त्सुन सुमारे तेवीस मिलिमीटरचा, म्हणजे लांबी अठ्ठावन्न यायला हवी. मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने नानांचे भरले छप्पन. खऱ्या नाण्यातही दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असतात, तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण खरे नाणे दाबून साचा केला आणि त्यात नवे ओतले तर धातू थंड होताना आकसतो आणि नक्कल किंचित लहान होते, हे डोक्यात ठेवले.

मग वजन. पंचवीस चू म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम. सराफाच्या काट्यावर नानांचे अकरा.

मग भिंग. वांग मांगच्या नाण्यांवरच्या अक्षरांना 'लोंबत्या सुईची' अक्षरे म्हणतात. उभ्या रेघा खाली निमुळत्या होत जातात. राज्यकारभार कसाही असो, अक्षर मोत्यासारखे. नक्कल करणाऱ्याची सुई इथेच बोथट होते. नानांच्या नाण्यावर सुयांच्या काड्या झाल्या होत्या. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक बुडबुडे होते, आणि कडेला कानशीचे ताजे ओरखडे सगळे एकाच दिशेने.

मग हिरवा रंग. माझी आई त्याला कळक म्हणायची आणि चिंच-मीठ लावून पाच मिनिटांत घालवायची. खऱ्या जुन्या नाण्याला असे काही करणे म्हणजे पाप. जमिनीखाली शेकडो वर्षांत चढलेला तो थर धातूतच मुरलेला असतो. हिरव्याखाली लालसर, कुठे निळा, आणि नखाने निघत नाही. नकली थर डिंकात कालवून फासलेला असतो. सौ.च्या नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून मी एका कोपऱ्यावर ठेवला. कापूस हिरवा झाला आणि कोपरा पिवळा.

पिवळा दिसला तेव्हाच खरे तर मुकदमा संपला. त्या काळचे नाणे तांबे, कथील आणि शिसे यांचे. पितळेत जस्त असते, आणि चीनमध्ये नाण्यांसाठी पितळ आले ते मिंग राजवटीत, सोळाव्या शतकात. तरीही बँकेच्या सोनेतारणाचे मूल्यांकन करणाऱ्या सराफांकडे कॅरेट मशीन आहे, त्याखाली ठेवले. पडद्यावर तांब्याखाली जस्त, जवळजवळ तिसरा हिस्सा. सराफ म्हणाले, "साहेब, यावर कर्ज मागू नका म्हणजे झालं."

एक शक्यता होती, ती मी मनातल्या मनात धरून बसलो होतो. खोट्याचेही दोन प्रकार असतात. वांग मांगच्याच काळात चोरून पाडलेले खोटे नाणे आज दोन हजार वर्षांचे झाले, ते जमवणारे लोक आवडीने घेतात. त्याला हलके वजनसुद्धा शोभून दिसते. कुणीतरी पाच घरांचा जीव धोक्यात घालून ते ओतलेले असते. पण जस्ताने तीही वाट बंद केली.

संध्याकाळी नानांना सांगितले. हेही सांगितले, की खरे असते तरी हुओ बू इतके काही दुर्मिळ नव्हे, पुष्कळ सापडले आहेत. एका सत्राची फीसुद्धा त्यात निघाली नसती. नानांचे लक्ष नव्हते.

"दादाला ठाऊक होतं का रे?"

पैशाचे त्यांनी विचारलेच नाही. चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या भावाने जाणूनबुजून पितळ हातात ठेवले की काय, एवढेच त्यांना हवे होते. याला कॅरेट मशीन नाही.

मी डबी उलटी केली. तळाशी कापसाखाली कागदाची घडी होती, ती मी दुपारीच पाहिली होती, पण नानांसमोर उघडायची म्हणून तशीच ठेवली होती. हाँगकाँगच्या एका दुकानाचे १९८३ चे बिल. अप्पर लास्कर रो. जुन्या वस्तूंची आणि जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची ही गल्ली. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवरचे आपल्याकडचे खलाशी, त्यांच्यावरून हे नाव पडले. बिलावर साडेतीनशे हाँगकाँग डॉलर, आणि मागे दादांच्या अक्षरात: 'नाना इतिहास शिकवतो, त्याला.' खाली सही.

सह्या पडताळणे हे माझे रोजचे काम. दादांची जुनी पत्रे नानांकडे होतीच. 'द'ची शेपटी, नावाखालची तिरपी रेघ, दोन टिंबे, सगळे जुळले. तारीख कर्जाच्या आधीची. म्हणजे तारणासाठी घेतलेलीच नव्हती ती वस्तू. भेट म्हणून आणलेली, द्यायची राहून गेलेली, आणि मग पैसे मागताना लाज वाटून तारण म्हणून पुढे केलेली. आणि नकली आहे हे ठाऊक असलेल्या पितळेला साडेतीनशे डॉलर कोण मोजतो?

नानांनी बिल दोनदा वाचले. मग चष्मा काढून पुसला.

"म्हणजे दादाच फसला!" ते म्हणाले, आणि एखाद्याच्या फसण्याचा इतका आनंद झालेला माणूस मी बँकेतसुद्धा पाहिलेला नाही.

फीचे आम्ही शैक्षणिक कर्जाचे फॉर्म भरून पाहू, असे ठरले. फॉर्म मीच आणले. जामीनदाराच्या रकान्यात नानांनी स्वतःचे नाव घातले, आणि तारण या रकान्याशी आल्यावर डबीकडे पाहून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी तिथे 'नाही' असे लिहिले आणि डबी सदऱ्याच्या खिशात घातली.

दारात वळून म्हणाले, "एक सांग, हे १९८३ च्या आधीचं आहे हे तरी पक्कं ना?"

"ते पक्कं," मी म्हणालो.